फोटो छापताना डोकी का उडतात? क्रॉप-रिसाइझच्या या चुका टाळा

फोनवर झकास दिसणारा ग्रुप फोटो छापून आला की दोन तक्रारी ठरलेल्या: 'वरून कापला' नाहीतर 'फाटला'. कापला, तर घोळ लांबी-रुंदीच्या प्रमाणात आहे. फाटला, म्हणजे कडा दातेरी दिसतात, चेहरे धुरकट होतात, तर पिक्सेल कमी पडले. क्रॉपने प्रमाण बदलतं, रिसाइझने पिक्सेलची संख्या. बहुतेक जण एकाचं औषध दुसऱ्याला लावत बसतात.

कात्री मशीनच्या हाती देऊ नका

ठाण्यात पाडव्याच्या स्वागतयात्रेला तलावपाळीजवळ हमखास निघणारा फोटो घ्या. नऊवारी, फेटे, सात-आठ जणी एका रांगेत. फोन आडवा धरून काढलेला, ४००० बाय ३००० पिक्सेल, म्हणजे ४:३. फोर बाय सिक्सचा कागद मात्र ३:२. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच लागते आणि कागद चारच इंचांचा. हा अर्धा इंच कुठून तरी जाणारच. काही सांगितलं नसेल तर मशीन फोटो मधोमध धरतं आणि पाव इंच वरून, पाव इंच खालून उडवतं. फेट्यांचे तुरे गेले!

तोच फोटो आठ बाय दहावर दिला तर उलटी गंमत. तो कागद ५:४, त्यामुळे वर-खाली सगळं शाबूत, पण दोन्ही टोकांच्या बायकांचे खांदे कापले जातात. ए-फोरवर पुन्हा वर-खालीच कापतं, पण कमी, उंचीच्या सहा टक्क्यांच्या आसपास. एकाच फोटोची 'प्रिंटला तयार' अशी एकच फाइल म्हणूनच करता येत नाही.

आधी कागद ठरवा, मग क्रॉप करा. फोनच्या क्रॉपमध्ये तयार प्रमाणं दिलेली असतात. फोर बाय सिक्ससाठी ३:२ निवडा, उभा फोटो असेल तर २:३, आणि चौकट स्वतः सरकवून बसवा. वरच्या फोटोत मी चौकट वर सरकवून पावलं सोडून देईन, तुऱ्यांना हात लावणार नाही. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे 'फ्री' ठेवून बोटाने कडा ओढणं. डोळ्यांना बरं दिसतं, पण प्रमाण भलतंच होऊन बसतं आणि छापताना मशीन पुन्हा कापतं.

काहीच सोडण्यासारखं नसेल तर कापूच नका. 'फिट' निवडा, दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या येतील, त्या कटरने काढून टाका. पांढरी किनार दिसली की लोकांना उगाच कमीपणा वाटतो. मला तर एखाद्या काकूंचं अर्धं डोकं जाण्यापेक्षा ती कधीही परवडली. विंडोजवरून घरी छापत असाल तर प्रिंटच्या खिडकीत खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी टिक असते. नाव 'फिट' असलं तरी ती फोटो कागदभर पसरवून कडा कापते. ती काढली की पूर्ण फोटो येतो.

बॉर्डरलेसमध्येही थोडं जातं

प्रमाण अचूक जुळवूनही कडेचा एखादा कान गायब होतो, कारण बॉर्डरलेस, म्हणजे पांढरी किनार न सोडता छापताना प्रिंटर फोटो मुद्दाम किंचित मोठा करतो. कागद जरासा तिरका गेला तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून ही सोय. काही प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हा विस्तार कमी करता येतो. नसेल तर क्रॉप करतानाच चेहरे आणि मजकूर कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत ठेवा.

पिक्सेल आधी मोजा, मग साइज सांगा

इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फोर बाय सिक्सला १८०० बाय १२०० लागतात, पाच बाय सातला २१०० बाय १५००, ए-फोरला ३५०८ बाय २४८०. भिंतीवर लावून लांबून बघायचा फोटो असेल तर इंचाला १५० मध्येही निभतं.

नेरुळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो येतात तेव्हा अर्धी नवी मुंबई तिकडे फोन रोखून उभी असते. पक्षी लांब, म्हणून घरी येऊन क्रॉप, मग आणखी क्रॉप. ४००० पिक्सेलमधले ९०० उरले तर फोर बाय सिक्सवर इंचाला १५० पडतात, कसंबसं चालेल. ए-फोरवर ७७ च्या आसपास येतात, तिथे फोटो फाटणारच. मग रिसाइझ करून आकडा ३५०० केला तरी तपशील वाढत नाही, धूसरपणाच मोठा होतो. फोटो 'सुधारून' देणारी अ‍ॅप पिसं मनाने रंगवतात. पक्ष्याला एक वेळ खपेल, पण आजीच्या फोटोवर चालवाल तर सुरकुत्यांसकट आजीच बदलते.

'फोटो ७२ डीपीआयचा आहे, चालणार नाही' हे दुकानात ऐकलंत तर घाबरू नका. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि तो आकडा फाइलवरचं नुसतं लेबल असतो. ४००० बाय ३००० चा फोटो ७२ लिहिलेला असो की ३००, पिक्सेल तेवढेच. मात्र सॉफ्टवेअरमध्ये ७२ चे ३०० करताना 'रिसॅम्पल'ची टिक काढून ठेवा, नाहीतर ते नको असलेले पिक्सेल भरून फाइल फुगवतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. फोर बाय सिक्सला तो पुरतो, ए-फोरला नाही. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तरी छापायचा फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवणाऱ्यांना काय म्हणावं?

वर्डमध्ये फोटो टाकून छापत असाल तर कोपऱ्याला धरून ओढा. बाजूच्या ठिपक्याला धरलंत की चेहरा पसरट होतो.

पासपोर्ट साइजचा वेगळा ताप

३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका फोर बाय सिक्सवर बसतात, चार-चारच्या दोन ओळी. पान नीट मांडायचं आणि छापताना 'फिट टू पेज' ठेवायचं, ही चूक. पान थोडं आक्रसतं, ३५ चे ३३ होतात आणि फॉर्मवरच्या चौकटीत फोटो लहान पडतो. 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के निवडा आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढून पट्टीने मोजा. ग्लॉसी कागद आणि शाई दोन्ही वाचतात.

ऑनलाइन फॉर्मसाठी फोटो ५० केबीत बसवायला लहान केला असेल, तर तो वेगळ्या नावाने सेव्ह करा. मूळ फाइलवरच सेव्ह केलात की मोठा फोटो कायमचा गेला, आणि नंतर तीच फाइल स्टुडिओत नेऊन 'मोठा काढून द्या' म्हणण्यात अर्थ नाही.

ट्रेमध्ये एक, सेटिंगमध्ये दुसरा

फोटोचा एकच कोपरा छापून आला तर बहुधा ट्रेमध्ये फोर बाय सिक्स आहे आणि सेटिंगमध्ये ए-फोर राहिलंय. ए-फोरवर वर-खाली जास्त आणि बाजूंना कमी जागा सुटत असेल तर सॉफ्टवेअरने 'लेटर' धरलंय का ते बघा. तो अमेरिकी कागद ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो. साइज दोन ठिकाणी बदलावी लागते, सॉफ्टवेअरच्या पेज सेटअपमध्ये आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये. तिथेच कागदाचा प्रकारही बघून घ्या. ग्लॉसी कागद घालून 'प्लेन पेपर' ठेवलं तर रंग फिके येतात, मग क्रॉप कितीही नेमका असो.