डिकीतली हत्यारं जागच्या जागी

घाटातल्या वळणांवर ड्रिल मशीन, पाने, वायरची बंडलं डिकीभर लोळतात आणि कामाच्या जागी नेमकं हवं तेच सापडत नाही.

१. भाजीवाल्यांकडे असतात तसे जाळीदार क्रेट घ्या. झाकणाच्या खोक्यांपेक्षा हे बरे, आतलं दिसतं आणि जाळीतून पट्टा ओवता येतो.

२. खाली रबरी मॅट. क्रेट घसरत नाहीत.

३. जड क्रेट मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवा, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी त्याला पुढे धाव घ्यायला जागा उरत नाही. मग बकलचा पट्टा जाळीतून ओवून डिकीतल्या हुकांना ताणून बांधा. पंक्चर झालं की पट्टा सोडून क्रेट उचलले, स्टेपनी मोकळी!

सीएनजी गाडी असेल तर टाकीला, तिच्या व्हॉल्व्हला किंवा नळीला पट्टा कधीही बांधू नका.