थंडीत वाळलेल्या रानझाडांचे फोटो कसे काढायचे, आणि नंतर एडिट कसे करायचे

पावसाळ्यात रानफुलांचे फोटो सगळेच काढतात, पण डिसेंबर-जानेवारीत तीच झाडं वाळून उभी असतात तेव्हा कोणी ढुंकून बघत नाही. मला तर ती तेव्हाच जास्त आवडतात. पानं गेलेली असतात, रंग उडालेला असतो, उरतो तो नुसता आकार, त्यामुळे रंगाच्या मागे लागूच नका.

जागा म्हणाल तर मुंबईत बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा), आरे आहे, ठाण्याला येऊर आहे. पण तेवढं लांब नसेल जायचं तर सोसायटीच्या मागचा मोकळा प्लॉटसुद्धा चालतो, तिथे आघाडा, टाकळा, कुर्डू, रानतुळस काही ना काही मिळतंच. दीपमाळ दिसली तर सोडू नका! सरळसोट दांडा, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर काटेरी गोळे, आणि जवळून बघितलं तर प्रत्येक गोळा म्हणजे टोकदार तोंडाच्या बारीक बारीक नळ्यांचा गुच्छ असतो. वाळल्यावर हे सगळं जितकं स्वच्छ दिसतं तितकं हिरवी असताना दिसतच नाही.

जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेसात ते नऊ ही आपली वेळ. तेव्हा वाराही बहुतेक पडलेला असतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की बारीक काड्या हलायला लागतात आणि फोटो हललेले येतात. सूर्य पाठीमागे घेऊ नका, समोर घ्या, झाड मध्ये. कुर्डूचे वाळके तुरे कागदासारखे पातळ असतात, मागून ऊन आलं की अक्षरशः पेटतात, तेच आपल्या पाठीमागून ऊन पडलं की नुसती काडी दिसते. आणि तुऱ्याच्या मागे काहीतरी सावलीतलं, काळपट असू द्या, भिंत, झाडाचं खोड काहीही, त्यासाठी कधीकधी एक पाऊल डावीकडे सरकलं तरी पुरतं.

फोन असेल तर वाइड लेन्सने जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे येऊन २एक्स किंवा ३एक्स वापरा, बॅकग्राउंड आपोआप साफ होतं. तुऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा, नाहीतर फोन काळोखी बॅकग्राउंड बघून सगळं उजळवतो आणि तुऱ्याच्या कडा पांढऱ्याफट्ट होतात. फोन दांड्याला समांतर धरा म्हणजे वरपासून खालपर्यंत शार्प येतं. कॅमेरा असेल तर ॲपर्चर एफ ८ आणि शटर स्पीड १/२५० पासून सुरुवात करा. फ्लॅश अजिबात नको.

एक महत्त्वाचं, वेलीवर तपकिरी मखमली शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली असू शकते, हात लावू नका, तिच्याकडून वारा आपल्या अंगावर येत असेल तर तिथे उभेपण राहू नका, तिची लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते. आणि पार्कात काही तोडायचं नाही, त्या वाळक्या बोंडांतच पुढच्या पावसाचं बी असतं.

आता एडिटिंग. ओरिजिनल फोटो वेगळा ठेवा आणि आधी व्हाइट बॅलन्स बघा, सावलीतले फोटो निळसर येतात, ते थोडे वॉर्म करा. मग हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, कमी. स्नॅपसीड ॲपमध्ये डिटेल्सच्या आत स्ट्रक्चर आहे, त्याने बारीक पोत उठून दिसतो, १५-२० पर्यंतच न्या, त्याच्या पुढे बॅकग्राउंड वाळूसारखं खरखरीत होतं. सॅच्युरेशनला हात लावू नका प्लीज, वाळक्या गवताचा तो फिका बदामी रंग लगेच भगवा होतो आणि सगळी नजाकत जाते.

फोटो कितीही केलं तरी मळकटच वाटत असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. लाइटरूम ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर रंगांचे वेगवेगळे स्लायडर मिळतात, त्यात पिवळा वाढवा म्हणजे वाळकी काडी उजळते, आणि हिरवा कमी करा म्हणजे मागची झाडी काळी होते, दांडा एकदम सुटून पुढे येतो. बाकी कोळ्याचं जाळं, मध्येच आलेली आडवी काडी हीलिंग टूलने पुसून काढा, पण झाडावरची भोकं, किडीने खाल्लेल्या कडा ठेवा, त्या त्याच्याच आहेत. शेवटी क्रॉप उभा ठेवा आणि सेव्ह करायच्या आधी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून एकदा बघा, तेव्हाही तुरा उठून दिसत असेल तर काम झालं.