नॅनोछिद्रांच्या सिलिकावर कृत्रिम पेशीपटल बसवणे

पटल छिद्रावर ताणून हवंय की आतल्या भिंतींनाही लागून, हे आधी ठरवा. पटल बनतं व्हेसिकलपासून, म्हणजे लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) सूक्ष्म फुग्यांपासून; ते पृष्ठभागावर फुटून पसरतात. छिद्रापेक्षा लहान व्हेसिकल आत शिरून भिंती माखतात. खालची कृती 50 नॅनोमीटर छिद्रांवर ताणलेल्या पटलासाठी आहे.

डीओपीसी हे लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं असतं; ते काचेच्या सिरिंजनेच काढा. प्लास्टिकच्या टिपमधून नको ती रसायनं उतरतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये एसी नसेल आणि बाटली उघडी राहिली, तर क्लोरोफॉर्म उडून लिपिडचं प्रमाण गुपचूप वाढतं. 1 मिलिग्रॅम लिपिडमध्ये अर्धा टक्का चमकणारं लिपिड मिसळा, नायट्रोजनखाली वाळवा, 2 तास व्हॅक्यूममध्ये ठेवा. मग 1 मिलिलिटर बफर (पीएच स्थिर ठेवणारा द्रव) घाला: 10 मिलिमोलर ट्रिस, 150 मिलिमोलर मीठ, पीएच 7.4. घरच्या आरओचं पाणी इथे चालत नाही. तयार झालेला दुधाळ द्रव दोन सिरिंजमधल्या 100 नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून 21 वेळा ढकला; हेच आपले व्हेसिकल. आकडा विषमच हवा, म्हणजे शेवटचा माल समोरच्या सिरिंजमध्ये उतरतो आणि न गाळलेला गाळ मागे राहतो.

सिलिका यूव्ही-ओझोनमध्ये 20 मिनिटं साफ करून लगेच वापरा. व्हेसिकल पाचपट पातळ करा, 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, सिलिकावर सोडा, अर्धा तास थांबा. फॉस्फेट बफर घेतलात तर कॅल्शियमचा पांढरा साका बसेल. धुताना पृष्ठभाग क्षणभरही उघडा पडू देऊ नका. एक बुडबुडा फिरला की पटल सोलून निघतं.

लेसरने पटलाच्या एका ठिपक्यातली चमक विझवा. कडेकडून उजळत भरला, तर पटल जोडलेलं आणि प्रवाही आहे. काळाच राहिला, तर व्हेसिकल चिकटले पण फुटले नाहीत. बहुधा साफसफाई कच्ची. अ‍ॅल्युमिनावर मात्र हे स्वच्छ पृष्ठभागावरही होतं.