पिल्लांच्या खुणा: या चुका टाळा

कडकनाथची एका दिवसाची ४० पिल्लं ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्यात) एकत्र सोडली की कुठलं कोणत्या कोंबडीचं, हे कुणालाच सांगता येत नाही. सगळी सारखीच काळपट. मी पहिल्या वर्षी हाच घोळ केला. पुढे त्यातल्याच तलंगा (तरुण माद्या) नि कोंबडे जोडीला लावले, तेव्हा सख्खी भावंडं एकत्र आली असणार हे उशिरा लक्षात आलं. अशा जोडीच्या पिल्लात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण, २५ टक्के येतं, एका बापाच्या सावत्र भावंडांत १२.५ टक्के. त्याचा परिणाम आधी उबवणीवर दिसतो: कमी अंड्यांतून पिल्लं निघतात, निघालेली नाजूक असतात.

चूक पिल्लू निघण्याआधीच होते. अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा नंबर लिहिला म्हणजे झालं, असं वाटतं. पण पिल्लू बाहेर आलं की कवच मागे पडतं आणि पिल्लू भलतीकडे चालतं. म्हणून १८व्या दिवशी अंडी हॅचरमध्ये (पिल्लं बाहेर येण्याच्या पेटीत) हलवताना प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळ्या, झाकण असलेल्या भोकाभोकांच्या टोपलीत ठेवा आणि टोपलीलाच चिठ्ठी बांधा. एक टोपली रिकामी करून तिच्या सगळ्या पिल्लांना खूण केल्याशिवाय दुसरीचं झाकण काढू नका. घाई इथेच नडते.

कोंबडा बदलला की दुसऱ्याच दिवशी नव्याच्या नावाने अंडी गोळा करणारे बरेच जण मी पाहिलेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवडे थांबा. तोवरची अंडी खायला किंवा विकायला काढा, वंशाच्या नोंदीत धरू नका.

आता खुणेबद्दल. बोटांमधल्या पडद्याला भोक पाडायची पद्धत स्वस्त आणि कायमची, पण तीच सर्वांत जास्त फसते. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे १६ प्रकारच्या खुणा. त्यातली 'एकही भोक नाही' ही खूण मी कुणालाच देत नाही, कारण चुकून राहिलेलं पिल्लूही तसंच दिसतं. भोक आरपार पडलं की कातडीचा तुकडा निघालाय का ते बघा. तो लटकत राहिला तर जखम भरून येते आणि खूण नाहीशी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. कडकनाथचा पडदा गडद असतो, म्हणून पाय उजेडासमोर धरावा लागतो. डावा-उजवा नेहमी पिल्लाचा धरा, तुमचा नव्हे. घरात दोघं जण खुणा करत असतील तर हे वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून ठेवा. आमच्याकडे एक अख्खी बॅच यामुळेच उलटी नोंदली गेली होती.

पायात केबल टाय किंवा रिंग घालत असाल तर दर आठवड्याला बोट लावून तपासा. पाय झपाट्याने जाड होतो, रिंग मांसात रुतते, पिल्लू लंगडायला लागतं. मोठी रिंग घालताना जुनी कापण्याआधी नवी अडकवा. दोन्हींच्या मधल्या मिनिटात पिल्लू हातातून सुटलं की ओळख गेली. पंखाची पट्टी (नंबर असलेली धातूची पट्टी) पंखाच्या पुढच्या पातळ कातडीतून घालायची, स्नायू आणि शीर टाळून. लहान पिल्लाचा पंख कधी कधी त्या पट्टीतून आरपार सरकतो, मग ती पंखालाच कापते. पहिले काही आठवडे पंख उघडून बघा.

रंगाची खूण चार दिवसांची सोय. पिसं बदलली की ती जाते. लाल रंग तर नकोच, इतर पिल्लं तिथेच टोचतात.

खूण पुसली गेली तर 'हे बहुतेक सातव्या कोंबडीचं असेल' असं म्हणून नंबर देऊ नका. वहीत 'अनोळखी' लिहा आणि पैदाशीला ठेवू नका, कितीही देखणं असलं तरी. मेलेल्या पिल्लाचा नंबर त्याच वर्षी दुसऱ्याला देऊ नका, आणि वर्षागणिक रिंगेचा रंग बदला.