युवा पुरस्कारासाठी रेकॉर्डिंग पाठवताय? या चुका टाळा

संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार २००६ साली सुरू झाला. चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठी तो आहे आणि रक्कम २५,००० रुपये. रकमेपेक्षा नाव मोठं, म्हणून शिफारस मागायला मुलं शास्त्रीय गाण्याच्या फायली घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यात दरवर्षी त्याच चुका असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कापलेलं रेकॉर्डिंग. ‘एवढं कोण ऐकणार?’ म्हणत संथ लयीत सावकाश रंगणारा बडा ख्याल सहा मिनिटांवर आणतात. एका गुणी मुलीनं बिहाग राग पाठवला होता. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचं संथ आवर्तन, आणि रागाची सुरेल बढत. आणि अचानक समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, ‘धिं’ पडला, तेव्हा माझ्या हातावर दहावी मात्रा चालू होती. शिफारस करणाऱ्या बुजुर्गांनी तिथंच ऐकणं थांबवलं. मुलगी तालात कच्ची आहे, असंच त्यांना वाटलं. खरं तर तिच्या मित्रानं लॅपटॉपवर आवर्तनाचा तुकडा उडवला होता. अख्खी मैफल मागवून ऐकवली तेव्हा त्यांचं मत बदललं, पण तोवर मुदत टळली होती.

माझ्याकडून फाईल जाते ती सलगच. वेळेची मर्यादा असेल तर तेवढ्या वेळात बसेल असं नव्यानं गायला लावते. दहा मिनिटांत राग उभा करणं हीसुद्धा विद्या आहे, ती कात्रीनं येत नाही.

दुसरी चूक तानपुऱ्याची. तानपुऱ्याचं ॲप पंचमावर (‘प’वर) तसंच ठेवून मालकंस राग गातात! मालकंसात पंचम नाही, पहिली तार मध्यमाला हवी. मारवा रागाला मी निषाद लावते. गाण्याआधी पाच मिनिटं नुसता तानपुरा ऐकायला बसवते. ज्याला तेवढाही धीर नाही त्याचं रेकॉर्डिंग मी करतच नाही.

आवाजाला कृत्रिम घुमारा देऊ नका, श्वास कुठं तुटतो ते त्यातही कळतं.

तिसऱ्या मिनिटाला द्रुत तानांवर उडी नको. तयारी दिसते, राग दिसत नाही. हल्ली रीलसाठी बसवलेल्या ताना जशाच्या तशा ख्यालात येतात आणि ते लगेच ओळखू येतं.

तबला-संवादिनीच्या साथीदारांची नावं लिहा. रंगमंचावरचं नाव वेगळं असेल तर जन्मदाखल्यावरचंही सोबत द्या.