खान्देशात फिरायचं असेल तर कॅमेऱ्याची बॅग कशी घ्यायची

भाऊ, दुकानात जायच्या आधी घरी सगळं सामान पलंगावर मांडा, बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा, लेन्सा, चार्जर, फ्लॅश, सगळं, आणि लेन्स बॉडीला लावलेली असू द्या न् तशीच टेपने मोजा. ७०-२०० एफ २.८ ही लांबचं जवळ आणणारी मोठी झूम लेन्स एकटीच २० सेंमीच्या आसपास असते, बॉडीला लावली की २७-२८ होते. हे माप बॅगच्या आतल्या मापाशी ताडून बघायचं, बाहेरचं माप नेहमी मोठंच दिसतं. पुढं एखादी लेन्स आणखी घेतली तर बसेल तेवढी जागा ठेवा, जास्त नको, मोठी बॅग घेतली की आपण ती भरतोच आणि मग खांदे भरून येतात.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न म्हणजे धूळ. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पळायला लागले की असा फुफाटा उडतो की विचारू नका, मी तिथं उघड्यावर लेन्स बदलली आणि सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, डाग घेऊन घरी आलो. म्हणून चेनवर कापडाची पट्टी असलेलीच बॅग बघा, आणि आतलं अस्तर राखाडी किंवा पिवळं पाहिजे, काळ्या अस्तरात काळी लेन्स कॅप शोधत बसावं लागतं आणि तेवढा वेळ बॅग उघडी राहते.

गाडीवर फिरणार असाल, तोरणमाळचा घाट वगैरे, तर पाठीवरचीच घ्या, छातीला न् कमरेला पट्टा असलेली. एका खांद्यावरची स्लिंग वळणावर पुढं सरकते. आणि बॅग कॅरियरला बांधू नका हो, खड्ड्यांचे सगळे दणके लेन्सला बसतात, पाठीवर असली तर निम्मे आपलं अंग झेलतं. अजिंठ्याला मात्र छोटी स्लिंग भरपूर झाली, फर्दापूरहून पुढं बसनं जायचं, मग पायऱ्या, आणि लेण्यांमध्ये फ्लॅश चालतच नाही, म्हणजे तो घरीच ठेवा आणि ५० एफ १.८ सारखी उजेड जास्त घेणारी लेन्स टाका. सोमवारी लेणी बंद असतात, ते पण बघून निघा.

रंग शक्यतो फिका घ्या, भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, काळी बॅग उन्हात तापते आणि आतल्या बॅटऱ्यांना ते चांगलं नाही. बंद कारमध्ये तर बॅग सोडूच नका.

दुकानात स्वतःचं सामान घेऊन जा, भरा, दहा-पंधरा मिनिटं पाठीवर घेऊन उभे राहा. वरचा हँडल भरल्या बॅगेला ओढून बघा, शिलाई तिथंच आधी उसवते. रेन कव्हर सोबत आहे का विचारा, नसेल तर वेगळं घ्या.

पावसाळ्यात पाटणादेवीहून वगैरे भिजून आलात की रात्रीच सगळं बाहेर काढा, आतली फोमची पार्टिशन काढून बॅग पंख्याखाली उघडी ठेवा. फोम ओल धरून ठेवतो आणि लेन्स त्यातच राहिली तर काचेवर बुरशी धरते, त्यामुळं बॅग फक्त न्यायला-आणायला, घरी लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायच्या.