टॉर्क बरोबर, तरी हेड गास्केट गेलं

सांगलीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढून ओढून ट्रॅक्टरचं हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, जाणं नवं नाही. इथे मात्र नवं गास्केट आठवड्यात गेलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे. बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरवलेला पीळ, म्हणजे टॉर्क, लागला की क्लिक होणारा पाना) आवळलेले, पण आटे कोरडे आणि गंजके. टॉर्कचा जेमतेम दहावा भाग बोल्टला ताण देतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. पाना सगळीकडे सारखाच क्लिक होतो, दाब मात्र प्रत्येक बोल्टचा वेगळा.

जुने बोल्ट भंगारात टाकले. ताणून बसवायचे बोल्ट एकदाच वापरायचे. भोकं ब्रशने साफ करून हवा मारली. तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट उतरताना ब्लॉक तडकतो, इथे आळस नको. आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचं नुसतं बोट. मग मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने: सगळे 30 न्यूटन-मीटर, सगळे 60, नंतर 90 अंश, पुन्हा 90. आकडे या इंजिनाचे. तुमचे मॅन्युअलमध्ये बघा.

कोनमापक नसला तरी चालतं. बोल्टच्या एका कोपऱ्यावर व्हाइटनरचा ठिपका द्या. षटकोनी डोक्याचा कोपरा ते कोपरा 60 अंश, म्हणजे 90 अंशाला दीड कोपरा. दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर असलेला बोल्ट तेवढ्यात 0.375 मिमी पुढे सरकतो, घर्षण कितीही असो. ‘हाताला कळतं’ म्हणून पाइप घालून ओढणाऱ्यांना हे 0.375 कळत नाही. टॉर्कच्या टप्प्यांत क्लिक झाल्यावर ‘अजून थोडं’ही नको.